वडिलांना गळा आणि अन्ननलिका दोन्हीकडे कॅन्सर निघालाय, रेडिएशन एकदमच देतात का? सोलापूर

जुनी_मिल_सोलापूर

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितोय, मोठं झालं तर सांभाळून घ्या.

माझे वडील, वय ५८. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या लूमवर आयुष्य गेलं त्यांचं. मावा दिवसाला पाच-सहा पुड्या, आणि आधी पगाराच्या दिवशी घ्यायचे ती दारू नंतर रोजची झाली. दिवाळीपासून घास अडकतोय म्हणत होते, आवाज पण बसलेला, आम्ही घराजवळच्या एका दवाखान्यात दाखवत होतो तिथं तीन महिने नुसत्या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या आणि सिरप, एकदा दुर्बीण घालून बघू असं कुणी म्हटलं नाही. आम्हाला पण कळलं नाही हो. भाकरी कुस्करून दुधात खायला लागले, मग नुसता मऊ भात, आता ताक आणि चहा यावर आलेत. ११ किलो वजन उतरलंय, सध्या ४७ आहे.

शेवटी ईएनटीवाल्या डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घातली तर गळ्यात उजव्या बाजूला गाठ, कागदावर पायरीफॉर्म सायनस (स्वरयंत्राच्या बाजूची खोबण) लिहिलंय, बायोप्सी स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे अस्तराच्या पेशींचा कॅन्सर. त्याच डॉक्टरांनी सांगितलं की अन्ननलिका पण बघून घ्या, म्हणून एंडोस्कोपी केली, तर वरच्या दातांपासून २८ सेंटीमीटरवर दुसरी गाठ. तिची बायोप्सी पण तीच आली. पेट स्कॅनमध्ये या दोन जागा आणि मानेतली एक गाठ पेटलेली दिसतेय, लिव्हर फुप्फुस हाडं सगळं स्वच्छ आहे.

आता कॅन्सरचे डॉक्टर म्हणतात दोन्ही ठिकाणी मिळून एकच रेडिएशन आणि सोबत केमो. घरात मात्र वेगळंच चाललंय. काका म्हणतात गळ्याचा खाली पसरला म्हणजे चौथी स्टेज, आता माणसाला हाल करू नका, घरी बसवा. आत्या म्हणते आधी एकाचं ऑपरेशन करा मग दुसऱ्याचं बघू. आई दिवसभर विड्या वळत बसते, काही बोलत नाही, मीच काय ते ठरवायचं असं झालंय. मी एकटा कमावणारा, लहान बहीण शिकतेय.

दोन कॅन्सरना एकदम लाइट, म्हणजे रेडिएशन, देता येतात का, ४७ किलोचा माणूस ते सोसेल का, आणि सोलापुरातच करावं का मुंबईला न्यावं? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा, रात्री झोप लागत नाही.

---

कान_नाक_घसा_लातूर

भाऊ, सगळ्यात आधी काकांच्या बोलण्याबद्दल, कारण तिथंच तुमचा निर्णय अडकलेला दिसतोय. तुम्ही लिहिलंय त्यावरून ही गळ्यातली गाठ खाली पसरलेली नाही. गळ्यात एक, मग मध्ये चांगलं अस्तर, आणि २८ सेंटीमीटरवर दुसरी, म्हणजे छातीच्या मधोमध. हे दोन वेगवेगळे कॅन्सर आहेत, एकाच माणसाला एकाच वेळी झालेले. सहा महिन्यांच्या आत दोन्ही सापडले की त्याला सिंक्रोनस म्हणतात. दोघांची स्टेज वेगवेगळी काढायची असते, दुसरी गाठ सापडली म्हणून आपोआप चौथी स्टेज होत नाही. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांसमोर बसा आणि विचारा की प्रत्येकाची स्टेज काय, कागदावर लिहून घ्या, काकांना तोच कागद दाखवा.

असं होतं का, तर तंबाखू आणि दारू. मावा चघळला की त्याचा रस ओठापासून अन्ननलिकेपर्यंत सगळ्या अस्तराला वर्षानुवर्षं लागत राहतो, वरून दारू, ती त्याच अस्तरातून विष आत जायला वाट करून देते. सगळं शेतच नासलेलं असतं, एका जागी उगवतं तसं दुसऱ्या जागी पण उगवू शकतं. फील्ड कॅन्सरायझेशन हा शब्द १९५३ पासून वैद्यकात आहे तो याच्यासाठीच. म्हणून गळ्याच्या, त्यातही पायरीफॉर्म सायनसच्या पेशंटला आम्ही अन्ननलिका बघितल्याशिवाय सोडत नाही. तुमच्या ईएनटी डॉक्टरांनी एंडोस्कोपीला पाठवलं ही फार मोलाची गोष्ट झाली, नाहीतर गळ्याचे सात आठवडे उपचार करून झाल्यावर खालची गाठ कळाली असती.

ऑपरेशनचं म्हणाल तर आत्यांना समजावून सांगा. गळ्याचं करायचं तर बहुतेक स्वरयंत्र काढावं लागतं, अन्ननलिकेचं करायचं तर छाती आणि पोट उघडून अन्ननलिका काढून जठर वर ओढावं लागतं. दोन्ही एकत्र म्हणजे ४७ किलोच्या माणसावर फार मोठा घाव आहे. आणि एकाचं करून जखमा भरायची वाट बघत बसलं तर तोपर्यंत दुसरा वाढतो. दोन्ही स्क्वॅमस आहेत, दोन्हींवर किरणं चालतात आणि सोबतचं सिसप्लॅटिनसारखं केमोचं औषध पण दोन्हींवर चालतं, म्हणून तुमचे डॉक्टर एकत्र म्हणतायत ते बरोबर दिशेचं आहे. गालाचा किंवा जिभेचा असता तर मी वेगळं बोललो असतो, तिथं पहिलं ऑपरेशनच. आणि अन्ननलिकेतली गाठ अगदी वरच्या थरातली असेल तर ती दुर्बिणीतूनच खरवडून काढता येते, मग रेडिएशन फक्त गळ्याला पुरतं, पण त्यासाठी खोली किती आहे ते एंडोस्कोपिक सोनोग्राफीत बघावं लागतं. विचारून बघा.

खोटी आशा दाखवत नाही. दोन एकदम असले की एकट्या गळ्याच्या कॅन्सरपेक्षा निकाल कमी चांगला असतो, आणि पुढं काय होणार ते बऱ्याचदा अन्ननलिकेवर ठरतं. पण लिव्हर फुप्फुस स्वच्छ असताना बरं करायच्या हिशोबानेच सुरुवात होते. डॉक्टरांना सरळ विचारा, हे बरं करायला देताय का त्रास कमी करायला देताय. दोन्हींचे डोस आणि दिवस वेगळे असतात.

सुरू व्हायच्या आधी हे सगळं झालंय का बघा: श्वासनलिकेला गाठ चिकटलीय का यासाठी ब्रॉन्कोस्कोपी, किडनीचं क्रिएटिनिन, कानाची तपासणी (सिसप्लॅटिन किडनी आणि कान दोन्हींना त्रास देतं), आणि दात. मावा खाणाऱ्याचे दात हलत असणारच, जे वाचणार नाहीत ते आधीच काढून टाकायचे आणि हिरडी भरायला दहा-चौदा दिवस द्यायचे. रेडिएशननंतर न विचारता दात उपटला तर जबड्याचं हाड कुजू शकतं, ते नंतर निस्तरत नाही.

एक राहिलंच, दारू. रोज पिणारा माणूस अचानक थांबला तर दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, बरळणं, कधी फिट येते. बंद करायचीच आहे, पण डॉक्टरांना सांगून, त्यावर गोळ्या आणि बी-वन जीवनसत्त्व मिळतं. लाजून लपवू नका.

---

मशीनरूम_पुणे

मूळचा मोहोळचा, पुण्यात रेडिएशन प्लॅनिंगमध्ये काम करतो. डॉक्टर नाही, पण रोज हेच बघतो म्हणून मशीनच्या बाजूचं सांगतो.

एकदम देता येतात का, तर येतात. गळ्याला साधारण ७० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप) लागतात, ३५ सिटिंगमध्ये, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे सात आठवडे. अन्ननलिकेला साधारण ५०.४ ग्रे, २८ सिटिंग. मग वरचं ३५ दिवस चालतं आणि खालचं २८ दिवसांनी थांबवतात, किंवा खालच्याला रोज थोडा कमी डोस देऊन दोन्ही एकदमच संपवतात, ते त्या त्या डॉक्टरांवर आहे. काही ठिकाणी भाग फार लांब होतोय असं वाटलं तर आधी दोन-तीन सायकल केमो देऊन गाठी लहान करतात मग रेडिएशन. तसं सांगितलं तर घाबरू नका, टाळाटाळ नाहीये ती.

अवघड कुठं आहे ते सांगतो म्हणजे तुम्हाला विचारता येईल. गळा आणि छातीतली अन्ननलिका यांचे दोन वेगळे प्लॅन केले तर मध्ये जोड येतो. जोडावर एकमेकांवर चढले तर तिथं डोस डबल होतो, आणि नेमकं त्याच्या मागून मणक्यातली मज्जारज्जू जाते, तिला आम्ही ४५ ग्रेच्या आसपास ठेवतो, त्यावर फार नेत नाही. उलट जोडात फट राहिली तर तिथल्या पेशींना डोसच मिळत नाही. म्हणून अशा पेशंटला कवटीच्या खालपासून छातीपर्यंत एकच सीटी, एकच मास्क, एकच प्लॅन असं केलेलं बरं. आयएमआरटी किंवा व्हीमॅट हे शब्द ऐकाल, त्यात मशीन वेगवेगळ्या कोनांतून किरणांना आकार देतं, लाळेच्या ग्रंथी, फुप्फुस, हृदय जमेल तेवढं वाचवतं. आधी एक गळा केला, मग चार महिन्यांनी दुसऱ्या गावी अन्ननलिका केली, असं झालं की पहिल्या ठिकाणी मज्जारज्जूला किती गेलं हे दुसऱ्याला शोधत बसावं लागतं. तेव्हा सोलापूर असो का मुंबई, जिथं सुरू कराल तिथंच संपवा.

मास्क म्हणजे प्लॅस्टिकची जाळी, गरम पाण्यात मऊ करून तोंडावर आणि खांद्यावर दाबून बसवतात, दहा मिनिटांत कडक होते. वडिलांना आधी सांगून ठेवा, पहिल्यांदा गुदमरल्यासारखं वाटतं पण नाकातोंडातून श्वास चालू राहतो. रोज त्याच मास्कमध्ये पंधरा-वीस मिनिटं पडायचं. दुखत नाही, भाजत नाही, लाइट दिसत पण नाही. आणि घरी आल्यावर अंगातून किरणं निघत नाहीत, लहान पोर मांडीवर घेतलं तरी चालतं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण आमच्याकडे एका आजोबांना सुनेनं महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, ताट पण वेगळं.

आता खरं कळकळीचं. मास्क आज ४७ किलोच्या माणसाच्या मापाचा होईल. तो माणूस चौथ्या आठवड्यात ४१ चा झाला तर मास्क ढिला पडतो, मान आत हलते, आम्ही काढलेला प्लॅन त्या शरीराचा राहत नाही. मग परत सीटी, परत मास्क, परत प्लॅन, त्यात दिवस जातात, आणि दिवस गेले की कॅन्सरच्या पेशी परत वाढायला लागतात. लोकांना वाटतं वजन म्हणजे अशक्तपणाचा विषय, आमच्याकडे तो नेम धरण्याचा विषय आहे. त्यामुळे मशीन कुठलं याच्या आधी हे विचारा की पोटात अन्न कसं जाणार. ताकावर असलेला माणूस टेबलावर घेऊ नका, आधी नळी.

सुट्टी पडली, मशीन बंद पडलं तर तो दिवस भरून काढायला सांगा. शनिवारी देतात किंवा एका दिवशी सहा तासांचं अंतर ठेवून दोनदा देतात. विचारल्याशिवाय कधीकधी राहून जातं.

---

कुंभारीची_सून

दादा तुमचं वाचून अंगावर काटा आला, अगदी आमच्याच घरचं लिहिलंय असं वाटलं. माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, त्यांना पण असंच, गळा आणि अन्ननलिका. तीन वर्षं होऊन गेली. आहेत. सकाळी सिद्धेश्वराला जाऊन येतात.

पण सोपं नव्हतं ते सांगते. पहिले दोन आठवडे काहीच झालं नाही, मामा म्हणायचे उगाच घाबरवलं सगळ्यांनी. तिसऱ्या आठवड्यात चव गेली, साखर पण मातीसारखी लागते म्हणायचे, आणि लाळ घट्ट, चिकट, तारेसारखी, रात्रभर उशाला टॉवेल आणि वाटी. चौथ्यात गळा सोलल्यासारखा, पाणी गिळताना डोळ्यातून पाणी यायचं. मानेची कातडी काळी पडली, मग ओली झाली. आणि एक कुणी सांगत नाही ते सांगते, शेवटचं सिटिंग झालं म्हणून आम्ही पेढे आणले आणि त्याच्या पुढचे दोन आठवडे सगळ्यात वाईट गेले. डॉक्टर म्हणाले किरणांचं काम आत चालूच असतं. मग हळूहळू, महिना सव्वा महिन्याने माणूस परत माणसासारखा दिसायला लागला. तेव्हा संपल्यावर लगेच कामावर जायची घाई करू नका, ते दिवस धरूनच रजा काढा.

आमची चूक पण सांगते. जानेवारीत चालू होतं, गड्डा आला, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. मामांची दरवर्षीची नंदीध्वजाची मिरवणूक चुकत नाही, ते हट्टाला पेटले आणि आम्ही पण म्हटलं जाऊ दे, आजारी माणसाचं मन आहे. चार दिवस गेलोच नाही. आधीच नळीला नको म्हटलेलं, त्यात चार दिवस नुसतं चहा पाणी, परत गेलो तर मास्क लागेना, गालाजवळ दोन बोटं जातील एवढी फट. परत सगळं केलं, अजून आठ दिवस गेले. डॉक्टर ओरडले नाहीत, नुसते गप्प बसले, ते मला जास्त लागलं. तेव्हा नळी बसली आणि मग एक पण दिवस चुकला नाही. वरच्या भाऊंनी वजनाचं लिहिलंय ते आम्ही भोगलंय दादा.

नळीला वडील नाही म्हणतील. मामा म्हणायचे नळी म्हणजे शेवट. मी त्यांना आमच्या वॉर्डातला एक पेशंट दाखवला, नळी घेऊन व्हरांड्यात पेपर वाचत बसलेला. बोलून झालं नाही ते बघून झालं.

कातडीला काय लावू नका. हळद नाही, तेल नाही, बाम नाही, साबण पण नाही. शेजारणी सांगतील शंभर गोष्टी. मलमलच्या जुन्या साडीचा तुकडा मानेला, कॉलरचा शर्ट बंद. सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, आम्ही सकाळी साडेआठचं सिटिंग मागून घेतलं होतं. तोंडाला ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ, दिवसातून सात-आठ वेळा, त्याने लाळ जरा सुटते. आणि खिसे तपासा. मामांच्या बंडीच्या आतल्या खिशात मावा सापडला होता तिसऱ्या आठवड्यात, मी रडले त्यांच्यासमोर. तंबाखू चालू ठेवला तर लाइटचा गुण पण कमी येतो.

सगळं संपल्यावर तीन महिन्यांनी पेट केलं ते स्वच्छ आलं. नंतर अन्ननलिका आकसली, ती दुर्बिणीतून चारदा फुगवून घेतली. थायरॉइडची गोळी लागली. कडक भाकरी आणि शेंगाचटणी गेली ती गेलीच, भात वरण, उप्पीट, मऊ इडली खातात. त्यांच्याबरोबर सुरू केलेले वडाळ्याचे एक काका मात्र सहा महिन्यांत गेले. हे पण खरंय, लपवत नाही.

---

जुनी_मिल_सोलापूर

ताई, सर, भाऊ, काय बोलू. काल रात्री सगळं आईला वाचून दाखवलं. ती पहिल्यांदा बोलली, म्हणाली नळी घालू, मी बघते. काकांना पण दोन वेगळे आहेत हे आज डॉक्टरांकडून लिहून घेऊन दाखवलं, गप्प झाले.

नळीचंच विचारायचं आहे. डॉक्टर म्हणाले नाकातून किंवा पोटातून, एफजे असं काहीतरी म्हणाले. एका ओळखीच्याने सांगितलं की पोटातली पेग घ्या ती सोपी. नेमकं काय फरक आहे आणि त्यातून काय द्यायचं? बाजारातले डबे परवडणार नाहीत सात आठवडे.

---

ताटवाटी_आहार

मी आहारतज्ज्ञ, कॅन्सरच्या वॉर्डात काम केलंय. नळीवर विस्ताराने लिहिते कारण घरी तीच सांभाळायची आहे.

नाकातून जाते ती रायल्स ट्यूब. ऑपरेशन नाही, लगेच बसते, खर्च कमी. पण एंडोस्कोपी जेमतेम गेली असेल तर डॉक्टरच ठरवतील ती त्या गाठीतून सुरक्षित जाते का. पेग म्हणजे पोटावरून थेट जठरात. ओळखीच्यांनी सांगितलं ते चुकीचं नाही, पण तुमच्या केसमध्ये विचार करावा लागतो, कारण उद्या अन्ननलिकेचं ऑपरेशन करायची वेळ आली तर नवी अन्ननलिका जठराचीच बनवतात, त्याला भोक पडलेलं सर्जनला नको असतं. शिवाय तोंडातून ओढून बसवायची पेग गळ्यातल्या गाठीला घासून जाते. म्हणून एफजे, म्हणजे जठराच्या पुढच्या लहान आतड्यात नळी. छोटं ऑपरेशन आहे, पण सात आठवडे आणि नंतरचा महिना धरला तर निवांतपणा असतो, नाकात काही टोचत नाही, आणि शर्टाखाली दिसत पण नाही. वडिलांना ते सांगा.

दोन्हीचं देणं वेगळं. रायल्सला दर दोन तासांनी साधारण २०० मिली, हळू, नळी उंच धरून स्वतःच्या वजनाने जाऊ द्यायचं, सिरिंजने दाबायचं नाही. एफजेला असं एकदम चालत नाही, आतड्याला साठवायला जागा नसते, थेंब थेंब ठिबक लावतात, घाई केली की जुलाब. आधी आणि नंतर पाणी घालून नळी धुवायची, नाहीतर तुंबते. बसवूनच द्यायचं आणि नंतर तासभर आडवं होऊ द्यायचं नाही. गोळ्या कुटून टाकायच्या आधी विचारायचं, काही गोळ्या कुटायच्या नसतात.

काय द्यायचं: नाचणी सत्त्वाची पातळ पेज दूध घालून, मुगाच्या डाळीचं गाळलेलं वरण तूप घालून, उकडलेलं अंडं दुधात मिक्सरला फिरवून, सातूचं पीठ, शेंगदाण्याचं कूट अगदी बारीक वाटून गाळून, ताक. ज्वारीची आंबील आपल्याकडे घरोघरी होते, ती पण गाळून चालते. सगळं पातळ कापडातून गाळा, सोलापूरच्या उन्हात दुपारचं संध्याकाळी देऊ नका, केमो चालू असताना साधं नासकं दूध पण दवाखान्यात पोचवतं. एफजे असेल तर सुरुवातीला काय आणि किती हे तुमच्या डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या.

एक धोका सांगते. वडील कित्येक दिवस ताकावर आहेत, त्यात दारू. अशा माणसाला नळी बसली म्हणून पहिल्याच दिवशी भरपूर द्यायचं नसतं, रक्तातलं फॉस्फरस पोटॅशियम एकदम खाली येतं आणि हृदयावर येतं. पहिले तीन-चार दिवस थोडं थोडं वाढवत न्यायचं, रक्त तपासत. प्रेमापोटी इथंच चुकतात घरचे.

नळी असली तरी गिळायचं सोडू देऊ नका. डॉक्टर हो म्हणत असतील तर रोज दोन-चार घोट पाणी, आणि गिळायचे व्यायाम. गळ्याचे स्नायू वापरले नाहीत की नळी काढायच्या वेळी गिळताच येत नाही. पण पाणी पिल्यावर ठसका येत असेल तर लगेच थांबवून सांगा, ते फुप्फुसात जातंय. आणि आठवड्याला एकाच काट्यावर वजन, वहीत लिहा.

---

रेल्वेलाइन्स_४१३००१

पैशाचं आणि प्रवासाचं मी सांगतो, बायकोच्या वेळी सगळं पळून झालंय. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमो, रेडिएशन दोन्ही बसतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल असतं, रेशन कार्ड, आधार, बायोप्सी, पेट सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स घेऊन जा. मंजुरी आल्यावरच सुरू करा, आधी भरलेले पैसे परत मागताना फार पळापळ होते. आणि विचारा की आयएमआरटी योजनेत देताय ना.

मुंबई का सोलापूर यावर माझं मत, एकदा मत घेऊन या, उपचार जवळ करा. परळच्या टाटाला जाताना नुसते रिपोर्ट नेऊ नका, बायोप्सीच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक लॅबमधून मागून घ्या, आणि पेटची सीडी. सिद्धेश्वर एक्सप्रेसला रात्री बसलं की सकाळी दादर. कॅन्सर पेशंटला उपचाराच्या प्रवासाला स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट माफ आहे, सोबतच्याला ७५ टक्के सवलत, रेल्वेचा ठरलेला फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्यायचा. राहायला दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल पण ध्यानात ठेवा, तिथली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ पासून चालू आहे, आपल्या भागातले मावा, मिश्रीवाले पेशंट त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बघितलेत.

३५ दिवस रोज जायचं आहे हे विसरू नका. आम्ही पहिला आठवडा हौसेने खोली करून लांब राहिलो, चौथ्या आठवड्यात माझी नोकरी, तिला ताप, पोरं घरी, सगळं तुटायला आलं. ताप १०० च्या वर गेला की रात्रीचे दोन वाजले तरी दवाखाना, केमोत सकाळची वाट बघायची नसते. त्यासाठी पण जवळ असलेलं बरं.

---

जुनी_मिल_सोलापूर

मंडळी, बारा दिवसांनी लिहितोय.

टाटाला जाऊन आलो, तिथं पण एकत्रच द्या म्हणाले, आधी तोंडात काही जात नाही त्याची सोय करा म्हणाले. इथं परत आल्यावर आमच्या डॉक्टरांनी ईएनटी, पोटाचे सर्जन आणि केमोचे डॉक्टर सगळ्यांना बसवून ठरवलं. ब्रॉन्कोस्कोपी झाली, श्वासनलिका मोकळी आहे. चार दात काढले. एफजे मागच्या मंगळवारी बसली, आई ठिबक स्वतः लावते, गाळण्याचं कापड, बाटल्या, वही सगळं तिनं एका पाटीत मांडून ठेवलंय. रक्त बघत बघत वाढवलं, आज वजन ४८.२ भरलं. दारूचं सांगितल्यावर डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दोन रात्री हात थरथरले, मग थांबलं.

काल मास्क झाला. मशीनरूम भाऊ, गळ्यापासून छातीपर्यंत एकच प्लॅन आहे, मी विचारलं. कान_नाक_घसा सर, बरं करायच्या हिशोबाने देतोय असं डॉक्टरांनी माझ्याकडे आणि वडिलांकडे दोघांकडे बघून सांगितलं. ताई, तुमच्या मामांचं सांगितलं त्यांना, सिद्धेश्वराला जाऊन येतात म्हणून. काही बोलले नाहीत, पण बंडीच्या आतल्या खिशातली पुडी काढून बहिणीच्या हातात दिली.

सोमवारी सकाळी साडेआठचं पहिलं सिटिंग आहे. पेट्रोलचा आणि रजेचा हिशोब लावलाय शनिवार-रविवार सोडून ४५ दिवसांचा, ताई म्हणाल्या तसं नंतरचे दिवस धरून. ताई, ती मलमल धुऊन उन्हात वाळवलेली वापरायची का रोज उकळून घ्यायची, एवढं सांगा.

---

कुंभारीची_सून

रोज साध्या पाण्यात धुऊन उन्हात. साबण लावलात तर दोन पाण्यातून काढा, मानेला साबणाचा अंश लागता कामा नये. तीन-चार तुकडे करून ठेवा, पाचव्या आठवड्यात दिवसाला दोन लागतात. सोमवारी संध्याकाळी कसं झालं ते लिहा दादा.